कोकणातील विंचू आणि रात्रीचा दवाखाना

खानदेशातील पिंप्राळ्यापासून कोकणातील महाडापर्यंत, विंचू उतरविणारा मांत्रिक हा एके काळी गावोगावी मानाचा माणूस असे. त्याचे यश सर्वस्वी खोटे होते असेही नव्हे. बहुतेक विंचवांच्या दंशाने नुसती आग होते आणि ती काही तासांनी आपोआप ओसरते. श्रेय मात्र मंत्राच्या पदरी पडे. परंतु कोकणातील तांबड्या विंचवाची गोष्ट निराळी. नाथांच्या भारुडातील विंचू हे काम-क्रोधाचे रूपक आहे. महाड तालुक्यातील विंचू रूपक नव्हता.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर त्या तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. दंश झालेली मुले अवेळी तेथे आणली जात. दरदरून घाम, वांत्या, हातपाय गार. काही तासांत श्वास लागे, तोंडाला फेस येई आणि पोर हातचे जाई. नवल असे की, ज्याला दंशाच्या जागी वेदना फारशी नाही, त्याचीच प्रकृती पुष्कळदा अधिक बिघडे.

मोठ्या शहरातील इस्पितळांचा तातडीचा विभाग म्हणजे यंत्रे, तज्ज्ञ आणि परिचारिका. येथे त्यांपैकी फारसे काही नव्हते. परंतु डॉक्टर खाटेपाशी बसून राहिले आणि नाडी, रक्तदाब, श्वास यांत होणारे फरक टिपीत गेले. या साऱ्या कथेत खरे मोल त्या टिपणांचे आहे. त्यांतून धोक्याची पूर्वचिन्हे निश्चित झाली व १९८२ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ती प्रसिद्ध झाली.

विषाने शरीरातील उत्तेजक द्रव्यांचा पूर उसळतो, रक्तवाहिन्या आकसतात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते. तेव्हा आकसलेल्या वाहिन्या सैल करणे हाच उपाय, या विचाराने रक्तदाबावरील ‘प्राझोसिन’ ही साधी गोळी वापरण्यात आली. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह बावस्करांनी त्याचा वृत्तांत १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्येच दिला. १९६१ ते १९८३ या काळात गंभीर दंशाच्या रोग्यांपैकी शेकडा २५ ते ३० दगावत. १९८४ पासून, गोळीचा उपयोग होऊ लागल्यावर, हे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले.

गोळीची थोरवी तिच्या साधेपणात आहे. ती गिळता येते. तिच्यासाठी रोग्यास मुंबईस न्यावे लागत नाही. जवळच्या आरोग्य केंद्रात ती वेळेवर दिली आणि हातपाय पुन्हा उबदार होईतो रोग्यावर नजर ठेवली, की पुष्कळ काम होते. पुढे विंचवाच्या विषावरील लसही मिळू लागली. तेव्हा आपल्याच गोळीचा कैवार न घेता बावस्कर दांपत्याने दोन्ही उपचार ताडून पाहिले. लस व गोळी मिळून दिल्यास रोगी नुसत्या गोळीपेक्षा लवकर बरा होतो, हा निष्कर्ष २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला.