आईबापांचा हक्क आणि न्यायासन

ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाची कथा आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. हरिश्चंद्र राजाने आपला पुत्र रोहित वरुणास अर्पण करण्याचे कबूल केले होते. वेळ येताच रोहित अरण्यात निघून गेला, आणि तेथे भुकेने गांजलेल्या अजीगर्त नावाच्या ब्राह्मणाकडून त्याने आपल्या ऐवजी एक मुलगा शंभर गाईंना विकत घेतला. थोरल्यास बाप सोडीना, धाकट्यास आई सोडीना. म्हणून मधला शुनःशेप गेला. त्यास यूपास बांधण्यास कोणी धजेना, तेव्हा आणखी शंभर गाई घेऊन ते काम बापानेच केले, आणि तिसऱ्या शंभर गाईंसाठी तो शस्त्र परजीत पुढे सरसावला. देवांच्या स्तवनाने मुलगा मुक्त झाला. मग हाच अजीगर्त विश्वामित्राकडे येऊन आपला मुलगा परत मागू लागला! शुनःशेपाने त्याच्याबरोबर जाण्याचे साफ नाकारले, व तो देवरात या नावाने विश्वामित्राचा पुत्र होऊन राहिला.

या प्राचीन कथेत जो प्रश्न आहे तोच पुढे निरनिराळ्या देशांच्या न्यायासनांसमोर आला. जन्म दिल्याने मिळणारा हक्क कधी नष्ट होतो काय? होत असेल तर तो नष्ट झाला असे कोणी, कोणाच्या अर्जावरून आणि कोणत्या पुराव्याने ठरवावयाचे? वसिष्ठाच्या धर्मसूत्रात पुत्राचे दान, विक्रय व त्याग करण्याचा अधिकार मातापितरांस दिलेला आहे, मात्र एकुलता एक पुत्र देऊ नये असा निर्बंधही तेथेच आहे. रोमच्या जुन्या कायद्यात तर कुटुंबप्रमुखास मुलांच्या जीविताचीही सत्ता होती. अशा सर्वंकष हक्कापासून निघून आजच्या मर्यादित हक्कापर्यंत मनुष्यजात कशी आली याचा विचार आम्ही येथे मुख्यतः इंग्लंडच्या इतिहासावरून करणार आहो. कारण आपल्याकडील १८९० चा पालक व पाल्य कायदा आणि अमेरिकेतील या विषयाचे कायदे या दोहोंची पाळेमुळे तेथील चॅन्सरी कोर्टाच्या परंपरेत आहेत. राजा हा प्रजेतील असहाय जनांचा पिता, आणि त्याचे हे कर्तव्य चॅन्सेलरने बजावावयाचे, अशी ती परंपरा होती.

या अधिकाराचा सर्वांत गाजलेला प्रयोग झाला तो एका कवीवर. शेलीने १८१४ साली आपली पत्नी हॅरिएट हिला सोडले, आणि १८१६ च्या डिसेंबरात तिचे प्रेत लंडनच्या सर्पेंटाइन तलावात सापडले. तो महिना सरण्यापूर्वीच शेलीने मेरी गॉडविनशी लग्न लावले. हॅरिएटची दोन लहान मुले आजोळच्या ताब्यात होती. ती शेलीने मागताच १८१७ च्या जानेवारीत मुलांच्या नावाने चॅन्सरीत अर्ज दाखल झाला. शेलीची पत्रे आणि त्याचे ‘क्वीन मॅब’ हे काव्य पुराव्यात हजर करण्यात आले. लॉर्ड एल्डन याने मार्च महिन्यात निकाल देऊन मुले बापास देण्याचे नाकारले. आपण केवळ मतांकडे पाहत नसून त्या मतांतून निपजलेल्या वर्तनाकडे पाहतो, असे त्याने बजावले. हा भेद तर्कशास्त्रात ठीक आहे. परंतु ज्या वर्तनावर बोट ठेवले गेले ते त्या काळच्या कितीतरी सरदारांच्या घरी बिनबोभाट चालत होते, आणि त्यांची मुले कोणी मागत नव्हते. शेली १८१८ साली इटलीस गेला व १८२२ साली समुद्रात बुडून मेला. ती मुले त्याच्या हाती पुन्हा आली नाहीत.

या खटल्यातील एक बारीकशी गोष्ट सहसा नजरेआड होते. अर्ज करण्यापूर्वी आजोबांनी दोन हजार पौंडांचे रोखे मुलांच्या नावे करून दिले होते. ही माया नव्हे, वकिली दूरदृष्टी होती. मुलांच्या नावाने काही मालमत्ता असल्यावाचून चॅन्सरीला त्यांच्या बाबतीत हात घालणे व्यवहारात अशक्य होते. पुढे १८२७ साली वेलस्लीच्या खटल्यात एल्डनने हेच उघडपणे सांगितले: कोर्टाजवळ अधिकार नाही असे नव्हे, साधन नाही; जगातील सर्वच मुलांच्या पोषणाचा भार कोर्ट उचलू शकत नाही. म्हणजे त्या काळी दुष्ट बापापासून सुटका मिळण्यासाठी मुलाने श्रीमंत असणे ही पहिली अट होती.

आणि आईचे काय? तिला हक्कच नव्हता, तेव्हा तो काढून घेण्याचा प्रश्नही नव्हता. कॅरोलिन नॉर्टन या लेखिकेची तीन मुले नवऱ्याने तिच्यापासून तोडली, तेव्हा तिने पुस्तिका लिहून पार्लमेंटच्या सभासदांस जागे केले, व त्यातून १८३९ चा कायदा झाला. त्याने आईस सात वर्षांखालील मुलांचा ताबा मागण्यासाठी चॅन्सरीत अर्ज करण्याची मुभा मिळाली. मात्र व्यभिचार शाबीत झालेल्या स्त्रीस ती नव्हती. १८७३ साली ही वयोमर्यादा सोळा वर्षांवर नेण्यात आली.

हे दार उघडल्यानंतर पाच वर्षांतच त्यातून आत गेलेल्या एका आईला रिकाम्या हातांनी परत यावे लागले. ती म्हणजे ॲनी बेझंट. पाद्री असलेल्या नवऱ्यापासून १८७३ साली विभक्त होताना झालेल्या करारान्वये मुलगी मेबल हिच्याकडे होती. १८७७ साली ब्रॅडलॉसह संततिनियमनावरील एक पुस्तक प्रसिद्ध केल्याबद्दल तिच्यावर खटला झाला, आणि पुढल्याच वर्षी नवऱ्याने मुलगी मागितली. न्यायाधीश सर जॉर्ज जेसल यांनी एवढे मान्य केले की आईने मुलीस प्रेमाने वागविले आहे व तिची उत्तम काळजी घेतली आहे. तरीही मुलगी बापास देण्यात आली, कारण आई नास्तिक होती व तिने ते पुस्तक छापले होते. १८७९ साली अपील कोर्टाने तोच निकाल कायम केला. मुले जाणती झाल्यावर स्वतःच्या पायांनी आईकडे आली, ही गोष्ट त्या निकालावरील पुरेशी टीका आहे असे आम्हांस वाटते.

श्रीमंतांसाठी चॅन्सरी होती. गरिबांसाठी निराळीच व्यवस्था निघाली. १८८९ सालच्या एका कायद्याने मुलांशी क्रूरपणे वागल्याबद्दल शिक्षा झालेल्या आईबापांकडून मूल काढून घेण्याचा अधिकार मॅजिस्ट्रेटास मिळाला. हे योग्यच झाले. पण त्याच वर्षी झालेल्या दुसऱ्या कायद्याने दरिद्री मुलांना पोसणाऱ्या स्थानिक मंडळांस असा अधिकार मिळाला की टाकून दिलेल्या मुलावरील आईबापांचे सर्व हक्क त्यांनी केवळ एक ठराव करून आपल्याकडे घ्यावेत. कोर्टाकडे जाण्याचा बोजा उलट आईबापांवर पडला. १८९१ सालच्या कायद्यानेही, ज्यांनी मूल दुसऱ्याच्या पोषणावर सोडले होते त्या आईबापांनीच आपली लायकी सिद्ध करावी असे ठरविले. कित्येक मुले यामुळे खरोखर वाचली असतील. परंतु निष्काळजी बाप कोणता आणि केवळ उपाशी बाप कोणता हे ठरावाच्या कागदावर उमटत नाही. अजीगर्तासही आधी भूकच लागली होती. त्याचे पाप दुसऱ्या व तिसऱ्या शंभर गाईंत आहे.

अशा वातावरणात आपल्याकडील १८९० चा कायदा तयार झाला. त्याचे दहावे कलम ज्यांनी वाचले असेल त्यांस ते अत्यंत रुक्ष वाटले असेल. अर्जदाराने अज्ञान मुलाचे नाव, धर्म, जन्मतारीख, राहण्याचे नेहमीचे ठिकाण, मालमत्ता व तिची अदमासे किंमत, मूल सध्या कोणाच्या ताब्यात आहे, जवळचे नातलग कोण, पूर्वी कोणत्या कोर्टात अर्ज झाला होता काय, आणि हा अर्ज करण्याची कारणे काय, हे सर्व लिहून त्याखाली प्रतिज्ञेवर सही करावयाची. पुढील कलमाप्रमाणे आईबापांस नोटीस गेली पाहिजे. मुलाचे वय, धर्म, नेमावयाच्या पालकाचे शील व ऐपत यांचा कोर्टाने विचार करावा, आणि मूल समजत्या वयाचे असल्यास त्याची इच्छाही लक्षात घ्यावी. बाप हयात असून नालायक नसेल तर दुसरा पालक नेमू नये. या शेवटल्या वाक्यात बापाबरोबर आईचे नाव येण्यास मात्र २०१० साल उजाडावे लागले.

या रुक्ष रकान्यांचे महत्त्व एका खटल्यात चांगलेच प्रत्ययास आले, आणि त्यातील प्रतिवादी पुन्हा ॲनी बेझंट याच होत्या! मद्रासजवळ अड्यार येथे राहणारे थिऑसॉफिस्ट नारायणय्या यांनी १९१० साली कृष्णमूर्ती व नित्यानंद या आपल्या दोन मुलांचे पालकत्व त्यांस लिहून दिले होते. १९१२ साली बाईंनी मुलांस विलायतेस नेले, बापाचे मन पालटले, आणि त्याने चिंगलपटच्या कोर्टात फिर्याद लावली. ती पुढे मद्रासच्या हायकोर्टात गेली. १९१३ साली तेथे निकाल बापासारखा झाला व अपिलातही तोच राहिला. १९१४ च्या मे महिन्यात प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. पालकत्व हे विश्वस्ताचे काम आहे, बापास ते कायमचे दुसऱ्यास देऊन टाकता येत नाही, हे तत्त्व कौन्सिलने मान्य केले. पण मुले चिंगलपटच्या हद्दीत नेहमी राहत नव्हती, दोन वडीलधाऱ्यांमधील साधी फिर्याद हा अशा प्रश्नाचा मार्गच नव्हे, आणि मुलांचे हित स्वतंत्रपणे मांडणारे तेथे कोणी नव्हते, या कारणांनी सर्व हुकूम रद्द झाले. तांत्रिक म्हणून हिणविल्या जाणाऱ्या या मुद्द्यांत खरा प्रश्न दडला होता: ज्यांच्याबद्दल भांडण आहे त्यांस कोणी विचारले काय?

एक भेद येथे स्पष्ट केला पाहिजे. पालक बदलला म्हणून मूल आईबापांचे नाहीसे होत नाही. ताबा जातो, नाते राहते. अमेरिकेत मात्र नातेच कायद्याने तोडून आईबापांस आपल्या मुलाचे परके करण्याची रीत आहे. तेथे १८५१ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने दत्तकाचा कायदा करून जन्मदात्यांचे हक्क संपविण्याची व्यवस्था केली. पुढे त्यांच्या इच्छेविरुद्धही, शासनाच्या अर्जावरून, ते संपविण्याचे कायदे राज्याराज्यांत झाले. १९९७ च्या संघीय कायद्याप्रमाणे मूल शेवटल्या २२ महिन्यांपैकी १५ महिने परगृही पोसले गेले असेल, तर काही अपवाद सोडून शासनाने असा अर्ज केलाच पाहिजे. इतक्या भयंकर परिणामाच्या अर्जास पुरावा किती लागावा? न्यूयॉर्कमध्ये दिवाणी दाव्यातील नेहमीचे माप लावीत, म्हणजे तराजूचे पारडे किंचित झुकले तरी पुरे. १९८२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरविले की हे पुरे नाही. पुरावा स्पष्ट व खात्री पटविणारा असला पाहिजे. एका बाजूस शासनाचे वकील, तज्ज्ञ व दप्तरे, आणि दुसऱ्या बाजूस बहुधा गरीब व अशिक्षित आईबाप. अशा विषम झगड्यात चूक झाली तर ती कोणाच्या माथी बसेल, हा त्यांतील विचार होता.

मूळ रहिवासी जमातींच्या बाबतीत तर अमेरिकेला याहून पुढे जावे लागले. त्यांची २५ ते ३५ टक्के मुले घरांपासून तुटली असल्याचे पाहण्यांत दिसून आल्यावर १९७८ साली खास कायदा झाला, आणि त्यांच्या आईबापांचे हक्क तोडण्यास फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा व जाणकाराची साक्ष आवश्यक ठरली. तरीही गरिबीची अडचण सर्वस्वी संपली नाही. प्रत्येक आईबापास सरकारी खर्चाने वकील मिळालाच पाहिजे, असे म्हणण्यास १९८१ साली तेच न्यायालय तयार झाले नाही. पुढे मिसिसिपी राज्यातील एका आईचे अपील कागदपत्रांच्या नकलांचे २,३५२ डॉलर भरता न आल्यामुळे अडून राहिले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तिची वाट मोकळी केली. दोनशे वर्षांपूर्वी मुलाची सुटका पैशावर अवलंबून होती. येथे आईची कैफियत पैशावर अडली होती.

आपल्याकडेही २०१५ च्या बालन्याय कायद्याने स्वेच्छेने मूल सोडणाऱ्या आईबापांस बालकल्याण समितीपुढे यावे लागते, व फेरविचारास दोन महिने मिळतात. दत्तकासाठी मूल लवकर मोकळे व्हावे अशी तळमळ असणाऱ्या सज्जनांस ही दिरंगाई वाटते. त्यांची तळमळ खोटी नाही. मुलाचे बालपण कोर्टाच्या तारखांसाठी थांबत नाही. पण लॉर्ड एल्डन, सर जॉर्ज जेसल, ठराव करणारी ती मंडळे, यांपैकी कोणीही मुलांचे वाईट चिंतीत नव्हते. प्रत्येकास आपण मुलाचे कल्याणच करीत आहो अशी खात्री होती, आणि त्या खात्रीत त्या त्या काळचे धर्ममत, लोकलज्जा व दारिद्र्याविषयीचा तिटकारा नकळत मिसळला होता. मुलाचे कल्याण हेच अखेरचे माप, याबद्दल आज दुमत नाही. परंतु ते माप चांगल्या माणसांच्या हातीही चुकते, म्हणूनच कारणे लिहून द्यावयाची, विरुद्ध पक्षास नोटीस द्यावयाची, पुरावा कसोटीस लावावयाचा आणि मुलास विचारावयाचे, ही किचकट रीत हवी. शुनःशेपाने स्वतःच्या तोंडाने आपला निर्णय सांगितला. ज्या मुलांस तसे सांगता येत नाही त्यांच्या वतीने बोलण्याचे काम अर्जातील त्या कंटाळवाण्या रकान्यांकडे आले आहे. ते भरताना व वाचताना घाई करण्याचा हक्क कोणासही नाही.