मुदत संपलेल्या खाणी

पोर्तुगीज राजवटीने मुदतीचे बंधन न घालता दिलेल्या गोव्यातील खाणसवलतींचे १९८७च्या कायद्याने भाडेपट्ट्यांत रूपांतर झाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८६ साली, ‘गोवा फाउंडेशन’ ही संस्था स्थापन झाली होती. तिच्या जनहित याचिकेवर २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की हे पट्टे २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपले होते. पुढचे उत्खनन बेकायदा. राज्याने तरीही नूतनीकरण केले. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी अशा ८८ पट्ट्यांचे नूतनीकरणही रद्द झाले. खाणी थांबल्या, तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्या कुटुंबांची ओढाताण झाली, हे आम्ही विसरू इच्छित नाही. परंतु डोंगराचे भवितव्य दफ्तरातल्या एका तारखेत दडलेले असते. ती तारीख वाचून न्यायासनापुढे ठेवणारे कोणीतरी असावे लागते.