ना पोटासाठी, ना पुण्यासाठी

प्रवासाचे दोनच मार्ग आपल्या समाजाला फार काळ मान्य होते. एक पोटाचा, दुसरा पुण्याचा. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले ते या दोन्ही मार्गांनी. घरी कर्ज होते आणि मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा मिळेल, अशी वार्ता होती. दक्षिणा राहिली बाजूलाच. भटजी बंडाच्या धामधुमीत सापडले, झाशीचा वेढा डोळ्यांनी पाहिला, लुटले गेले, आणि अखेरीस आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी आले. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी त्यांची ती हकिकत छापली, म्हणून ती आपल्याला ठाऊक.

आमच्या हिंदमाता, परळ, लालबागच्या चाळी भरल्या त्याही पोटाच्याच मार्गाने. रत्नागिरीकडून आगबोटीने माणूस यायचा, गाववाल्याच्या खोलीत वळकटी टाकायचा आणि गिरणीच्या भोंग्यावर उठायचा. पंढरीची वारी घडली तर तेवढेच पुण्य! केवळ जग कसे आहे ते पाहावे म्हणून घर सोडणाऱ्याला मात्र आपल्याकडे एकच शब्द होता: उडाणटप्पू.

अशा या मुंबईतून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा तरुण सायकलींवर बसून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला आणि नरिमन कापडिया. सहाही पारशी, विशीच्या आसपासचे, मुंबईतल्या एका वजन उचलण्याच्या तालमीतले गडी. हे वेड त्यांच्या डोक्यात कोणी घातले म्हणाल, तर एका फ्रेंच माणसाने. युरोपातून हिंदुस्थानपर्यंत पायी आलेल्या या गृहस्थाने १९२० साली ओव्हल मैदानावर भाषण केले. एवढा मुलूख पायी तुडवता येतो, तर सायकलीने पृथ्वीला वळसा का घालू नये, असा प्रश्न पोरांना पडला असेल तर नवल नाही. प्रश्न पुष्कळांना पडतात. हे निघाले, एवढाच फरक.

जवळ काय होते? शाळेच्या नकाशापुस्तकावरून उतरवून घेतलेला जगाचा नकाशा, एक होकायंत्र, थोडी औषधे आणि सायकलदुरुस्तीची हत्यारे. आज पाठीवर पिशवी टाकून परदेशी हिंडणारी आपली मुले खिशातल्या फोनवर पुढचे वळण पाहतात. या सहा जणांना पुढच्या गावात पाणी मिळेल की नाही, हे तेथे पोचल्यावरच कळायचे. पंजाब आणि बलुचिस्तान ओलांडून ते इराणात गेले. तेहरानहून कापडिया माघारी फिरला. उरलेल्यांनी बगदाद ते अलेप्पो हे साडेनऊशे किलोमीटरचे वाळवंट २३ दिवसांत पार केले. कागदावर हे एका ओळीत मावते. पण उन्हाने तापलेल्या लोखंडी दांड्याला ज्याने एकदा हात लावला असेल, त्याने त्या २३ दिवसांचा हिशेब स्वतःच करावा.

पुढे आल्प्सचे घाट, मग इंग्लंड आणि अमेरिका. येथे थोडे थांबले पाहिजे. हे तरुण पारतंत्र्यातल्या देशाचे. पासपोर्टावर ब्रिटिश प्रजाजन. आणि अमेरिकेचे दार नेमके त्याच सुमारास लागत होते. १९२३ च्या फेब्रुवारीत तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात हिंदी माणसाला नागरिकत्व मिळणार नाही असा निकाल दिला होता, आणि १९२४ च्या कायद्याने आशियातून स्थायिक होण्यासाठी येणाऱ्यांना जवळजवळ बंदीच झाली. अशा देशात ही पोरे या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत पाच महिने सायकली हाकीत गेली. गंमत म्हणजे हाथीराम तेथेच राहिला. सोबती गेल्याने पोचखानवाल्याचेही मन उडाले आणि तो मुंबईस परतला. या तिघांना भित्रे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. घरची ओढ आणि परमुलखाची ओढ, दोन्ही खऱ्याच.

हकीम, बापासोला आणि भुमगरा हे तिघे जपान, कोरिया, चीन, हिंदचीन, सयाम, ब्रह्मदेश करीत १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत आले. सुमारे ७१ हजार किलोमीटर! दिवसांनी भागले तर रोजचे चव्वेचाळीस, म्हणजे दादर ते कल्याण. साडेचार वर्षे, रोज. त्यातही बोटीवर गेलेले दिवस वजा केलेले नाहीत.

दरम्यान त्यांची मुंबई बदलली होती. ते गेले तेव्हा विजेची आगगाडी नव्हती; ती ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली. बस नव्हती, ती १५ जुलै १९२६ रोजी सुरू झाली. आणि आमच्या गिरणगावात १९२४ मध्ये बोनसचा संप झाला, १९२५ मध्ये पगारकपातीचा झाला, आणि हे तिघे परतल्यावर महिन्याभरातच १९२८ चा तो सहा महिन्यांचा प्रचंड संप पेटला. या दोन गोष्टी मला शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात. गिरणीतल्या बदली कामगाराला साडेचार वर्षांची रजा कोण देणार होते? जग पाहण्याची हौस त्यालाही असेलच, पण त्याच्या मनीऑर्डरीवर कोकणातली चूल पेटायची. पैसा थोडा लागला तरी मोकळीक लागतेच. म्हणून त्या सहांचे कर्तृत्व उणे होत नाही. पण गिरणगावातून असा सायकलवीर का निघाला नाही, याचे उत्तर धैर्याच्या अभावात शोधू नये.

याच मुंबईचे फ्रामरोज दावर १९२४ च्या जानेवारीत एकटेच निघाले. खेळांवर लिहिणारे हे पत्रकार. व्हिएन्नापर्यंत ते एकटे होते; तेथे गुस्ताव स्टाव्जानिक हा ऑस्ट्रियन तरुण भेटला आणि तो अखेरपर्यंत साथीला राहिला. या जोडीने सहारा ओलांडला आणि दक्षिण अमेरिकेत अँडीजवरून उतरून ॲमेझॉनच्या अरण्यात शिरली. सायकल हे मोठे चमत्कारिक वाहन आहे. रस्ता असेल तोवर ती माणसाला वाहते. रस्ता संपला की माणसाने तिला वाहायचे. अँडीजमध्ये हवा इतकी विरळ की रिकाम्या हातांनी चढतानाही धाप लागते, आणि ॲमेझॉनच्या खोऱ्यात तर नदी हाच रस्ता. तेथे सायकल म्हणजे निव्वळ ओझे. तरी त्यांनी ती टाकली नाही. सात वर्षांनी, १९३१ मध्ये, त्यांचा प्रवास संपला. दावरांनी पुढे सहाराविषयी आणि ॲमेझॉनविषयी स्वतंत्र पुस्तके लिहिली. पहिल्या तिघांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे, आणि २००८ मध्ये ते पुन्हा छापले गेले.

१९३३ साली आणखी तिघे निघाले: केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ. अफगाणिस्तानातून सुरुवात करून पाच खंड हिंडताना त्यांना नऊ वर्षे लागली. १९४२ मध्ये ते मुंबईत परतले, तेव्हा त्यांच्या मागे राहिलेल्या कितीतरी रस्त्यांवरून रणगाडे चालले होते.