उतारवयांतील चढ

वयाच्या उत्तरार्धाला मराठींत आपण 'उतारवय' म्हणतों. शब्द मोठा फसवा आहे. ज्यानें सायकल चालविली आहे त्याला उताराचें सुख ठाऊक असतें. पाय स्वस्थ ठेवावेत आणि वाऱ्याबरोबर खालीं यावें. उतारवयांत असें कांहीं घडत नाहीं. उलट, विशीपंचविशींत जो चढ जाणवलाहि नव्हता तो पन्नाशींत डोळ्यांपुढें उभा राहतो, आणि साठींत त्याच्या पायथ्याशीं उतरून सायकल हातानें ढकलावी लागते.

आमच्या शेजारीं एक निवृत्त शिक्षक राहत असत. तीस वर्षें त्यांनीं शाळेची वाट सायकलीनें तुडविली होती. निवृत्तीनंतर रविवारीं सकाळीं कांहीं तरुण मंडळींबरोबर ते गांवाबाहेर जाऊं लागले. पहिल्याच चढावर मंडळी पुढें निघून गेली, माथ्यावर चहा घेऊन परत फिरली आणि यांना वाटेंतच भेटली. असें दोन-तीन वेळां झालें आणि त्यांची सायकल भिंतीला लागली ती कायमचीच. कोणी त्यांचा अपमान केला नव्हता. त्यांच्यासाठीं कोणी थांबलें नव्हतें, इतकेंच. वृद्ध स्वाराला चढ चढतां यावा यासाठीं काय करावें लागलें, आणि त्याच्यासाठीं थांबावयास लोक कसे शिकले, या दोन गोष्टींचा इतिहास आज मी आपल्याला सांगणार आहें.

सायकलस्वारांचीं मंडळें प्रथम निघालीं तेव्हां त्यांत वृद्धांचा विचार होण्याचें कारणच नव्हतें. लंडनचा पिक्विक बायसिकल क्लब १८७० सालीं स्थापन झाला. डिकन्स त्याच महिन्यांत वारला होता. सभासदांनीं त्याच्या कादंबरींतील पात्रांचीं नांवें धारण करण्याची प्रथा पाडली. पुढें उंच चाकाच्या सायकलींचा काळ आला. पुढचें चाक स्वाराच्या छातीइतकें उंच आणि मागचें हातभर. पॅडल थेट मोठ्या चाकालाच जोडलेलें. त्यामुळें ज्याचे पाय लांब त्याचें चाक मोठें, आणि ज्याचें चाक मोठें त्याचा वेग अधिक. वाटेंत दगड आडवा आला कीं स्वार डोक्यावर पडे. अशा यंत्रावर चढणें हें साहसी तरुणांचेंच काम होतें.

त्या तरुणांच्या सहलींचा थाट मात्र पाहण्यासारखा असे. अंगावर मंडळाचा गणवेश, दोघां-दोघांची रांग, अग्रभागीं कप्तान आणि बरोबर बिगूल वाजविणारा. बिगुलाच्या इशाऱ्यावर सर्वांनीं चढावें, इशाऱ्यावर उतरावें. पुष्कळ मंडळांचा एक नियम असा होता कीं, सहलींत कोणीहि कप्तानाच्या पुढें जाऊं नये. नियमाचा वेष लष्करी होता, परंतु त्याच्या पोटांत एक माणुसकीची गोष्ट दडलेली होती. सर्वांनीं बरोबर निघावयाचें, आणि बरोबर पोंचावयाचें. शर्यत आणि सहल यांच्यांतील सीमारेषा याच नियमानें आंखली गेली.

वयस्कांसाठीं त्या काळीं तीन चाकांची सायकल होती. कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीनें बनविलेल्या अशा दोन सायकली खुद्द व्हिक्टोरिया राणीनें १८८१ सालीं मागविल्या, आणि या वाहनास प्रतिष्ठा आली. परंतु तें जड व महाग होतें. खरा पालट घडला तो १८८५ सालीं. जेम्सचा पुतण्या जॉन केम्प स्टार्ली यानें 'रोव्हर' नांवाची ठेंगणी सायकल काढली. तिचें मागचें चाक सांखळीनें फिरत असे. १८८८ सालीं बेलफास्टमध्यें डनलपनें हवेच्या रबरी धांवा बसविल्या आणि हाडें खिळखिळीं करणारे धक्के थांबले. आतां पडण्याचें भय गेलें, गृहिणी व गृहस्थ दोघेंहि सायकलीवर बसूं लागलीं. १८७८ सालीं हॅरोगेट येथें पर्यटनासाठीं जें सायकल-मंडळ स्थापन झालें होतें त्याची सभासदसंख्या १८९९ सालीं साठ हजारांवर गेली.

परंतु एक गांठ सुटावयाची राहिली होती, ती चढाची. तिचें मर्म समजण्यास थोडें गणित पुरे आहे. पुढच्या दांतेरी चक्राला ४४ दांते आणि मागच्या चक्राला २२ असले, तर पॅडलच्या एका फेऱ्यांत चाकाचे दोन फेरे होतात आणि सायकल सुमारें ४.२ मीटर पुढें सरकते. दोन्ही चक्रांचे दांते सारखे असले तर ती सुमारें २.१ मीटरच सरकते. पण पायावरचा भार निम्म्यावर येतो. डोंगराची उंची कांहीं कमी होत नाहीं. तिचा हप्ता लहान होतो, एवढेंच. तरुण माणूस मोठ्या हप्त्यानें कर्ज फेडूं शकतो. वृद्धाला लहान हप्ता लागतो, आणि तो मिळाला तर तोहि सर्व कर्ज फेडतो. एकच गति असलेल्या सायकलींत हप्ता बदलण्याची सोय नसते.

ही सोय व्हावी म्हणून ज्यानें सारें आयुष्य वेंचलें तो गृहस्थ फ्रान्समधील सेंत एत्येन या शहरीं राहत असे. कोळसा, शस्त्रें आणि रेशमी फिती यांसाठीं हें शहर प्रसिद्ध होतें. त्याचें नांव पॉल द विवी. जन्म १८५३ चा, धंदा रेशमाचा. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं त्यानें पहिली उंच सायकल विकत घेतली आणि रेशमावरून त्याचें मन उडालें तें उडालेंच. १८८७ सालीं त्यानें सायकलीला वाहिलेलें एक नियतकालिक काढलें, तेंच पुढें 'ल सिक्लिस्त' या नांवानें प्रसिद्ध झालें. त्यांत तो 'व्हेलोसिओ' या टोपणनांवानें लिही, आणि याच नांवानें जग त्याला ओळखूं लागलें.

शहरापासून सुमारें तेरा किलोमीटर चढत गेलें कीं ११६१ मीटर उंचीची एक खिंड लागते. व्हेलोसिओची ही नित्याची वाट. सांगतात कीं, १८८९ सालीं तो याच चढावर घाम गाळीत असतां त्याचाच एक तरुण वाचक तोंडांत चिलीम धरून आरामांत त्याच्या पुढें निघून गेला. व्हेलोसिओ तेव्हां छत्तीस वर्षांचा होता. दुसरा कोणी मनांतल्या मनांत चरफडला असता, किंवा वय झालें म्हणून हंसून स्वस्थ बसला असता. हा घरीं येऊन दांते मोजूं लागला. पुढच्या बाजूला एकाशेजारीं एक अशीं लहानमोठीं दोन चक्रें बसवून, चढ आला कीं हातानें सांखळी उचलून लहान चक्रावर घालावयाची, अशी त्याची पहिली युक्ति होती. पुढें सायकलीच्या डाव्या बाजूलाहि अशींच दोन चक्रें बसवून त्यानें चार गती साधल्या. आज सायकलींत खटका दाबतांच सांखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकते. त्या सोयीच्या उगमाशीं सेंत एत्येनच्या या प्रयत्नांना मानाचें स्थान आहे.

नव्या युक्तीला विरोध झाला, आणि तो धनदांडग्यांकडून किंवा अज्ञानी लोकांकडून नव्हे, तर उत्तम सायकलपटूंकडूनच झाला. १९०२ सालीं डोंगरी मार्गावरील एका कसोटींत मार्त एस नांवाच्या स्त्रीनें तीन गतींच्या सायकलीवरून एकाच गतीच्या सायकलीवर बसलेल्या नामांकित शर्यतपटूला मागें टाकलें. वृत्तपत्रांनीं तिची वाहवा केली. त्यावर आंरी देग्रांज या संपादकानें असा शेरा मारला कीं, गति बदलणारीं हीं यंत्रें पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठींच ठीक आहेत. पुरुषार्थ म्हणजे स्नायूंच्या बळावर जिंकणें. देग्रांज हा सामान्य टीकाकार नव्हता. १८९३ सालीं तासाभरांत ३५ किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून त्यानें उच्चांक केला होता, आणि पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९०३ सालीं, 'तूर द फ्रान्स' ही जगप्रसिद्ध शर्यत त्यानेंच सुरू केली. शेरा मारतांना त्याचें स्वतःचें वय सदतीस होतें.

त्या शेऱ्यांतील गर्भित अर्थ नीट ध्यानांत घ्यावा. जी सोय वृद्धाला उपयोगी ती हीन, आणि जी सोय न घेतां काम होतें तेंच श्रेष्ठ, असा तो न्याय आहे. १९१० सालीं देग्रांजला पंचेचाळीस वर्षें पूर्ण झालीं. त्याच वर्षीं त्याची शर्यत पिरेनीज पर्वतांतील तूर्मालेच्या भयंकर घाटावरून प्रथम गेली, आणि तेथें फ्रान्समधील बळकट तरुण सायकली हातांत धरून पायीं चालतांना दिसले. सांखळी सरकविणाऱ्या यंत्रणेवर शर्यतींत मनाई होती ती १९३७ पर्यंत टिकली. देग्रांज सूत्रसंचालनांतून बाजूला झाल्यावरच ती उठली. त्यानंतर तीच यंत्रणा शर्यतपटूंचें अपरिहार्य साधन बनली. 'पंचेचाळिशीनंतरची सोय' पंचविशींतील विजेत्यांनीं डोक्यावर घेतली.

इकडे व्हेलोसिओ वादांत न पडतां सायकल चालवीत राहिला. त्याच्याभोंवतीं सहलप्रिय स्वारांचा एक मेळावाच जमला. त्यांना कोणाला हरवावयाचें नव्हतें. दूरवर जावयाचें होतें आणि दुसऱ्या दिवशीं पुन्हां जावेंसें वाटलें पाहिजे होतें. यासाठीं व्हेलोसिओनें सात नियम सांगितले. मुक्काम थोडे व लहान असावेत. भूक लागण्यापूर्वीं थोडेंथोडें खावें, तहान लागण्यापूर्वीं प्यावें. अन्नावरची वासना आणि झोंप उडेल इतकें थकूं नये. थंडी वाजण्यापूर्वीं अंगावर वस्त्र घ्यावें आणि उकडण्यापूर्वीं तें काढावें. निदान प्रवासांत तरी मद्य, मांस व तंबाखू वर्ज्य करावीं. शक्तीबाहेर जोर लावूं नये, विशेषतः पहिल्या तासांत, जेव्हां अंगांत हुरूप असतो. आणि शेवटचा नियम असा कीं, केवळ प्रौढी मिरविण्यासाठीं कधींहि पॅडल मारूं नये.

हे नियम वृद्धांसाठीं म्हणून लिहिलेले नाहींत. पण ते वाचतांना प्रपंच केलेल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचा आवाज ऐकूं येतो. शेवटचा नियम तर सामुदायिक सहलीचा पायाच होय. ज्याला मिरवावयाचें आहे तो थांबूं शकत नाहीं. ज्याला मिरवावयाचें नाहीं तो वाऱ्याच्या तोंडीं स्वतः पुढें राहतो आणि दुर्बळाला आपल्या मागें घेतो. मागच्याला वाऱ्याचा अडथळा बराच कमी होतो, हें प्रत्येक सायकलस्वार अनुभवानें जाणतो. सोबतीचा लाभ नुसता गप्पांचा नव्हे. सोबतीनें प्रत्यक्ष श्रम हलके होतात.

१९२२ सालीं, व्हेलोसिओ एकोणसत्तर वर्षांचा असतां, त्याच्या चाहत्यांनीं त्याच्या सन्मानार्थ त्याच खिंडीपर्यंत सामुदायिक आरोहणाचा उत्सव सुरू केला. वृद्धांनीं आणि तरुणांनीं एकाच दिवशीं एकच चढ चढावा, अशी ही प्रथा त्याच्या पश्चातहि चालू राहिली, आणि आतां तिला शंभर वर्षें उलटून गेलीं आहेत. व्हेलोसिओ १९३० च्या फेब्रुवारींत वारला. सायकल हातांत धरून शहरांतील रस्ता ओलांडीत असतां ट्रामचा धक्का लागला. तेव्हां त्याचें वय शहात्तर होतें आणि सायकल अद्यापि भिंतीला लागलेली नव्हती. खिंडीच्या माथ्यावर आतां त्याचें स्मारक उभें आहे.

इंग्लंडांतहि याच सुमारास वयस्कांना त्यांचें स्थान मिळालें. हॅरोगेटला जन्मलेल्या मंडळाचा १९२८ सालीं सुवर्णमहोत्सव झाला. त्या निमित्तानें पन्नाशी उलटलेल्या सभासदांनीं एका दिवसांत शंभर मैल जावें अशी सहल योजण्यांत आली, आणि पुढें ती दर तीन वर्षांनीं होऊं लागली. तींत पहिला कोण आला हें कोणी विचारीत नाहीं. दिवस मावळण्याच्या आंत किती जण पोंचले, हें विचारतात.

आतां आपल्याकडे वळूं. पुणें एकेकाळीं सायकलींचें शहर म्हणून ओळखलें जात असे. परंतु आपल्या घराघरांतील ती काळी, भक्कम सायकल बहुधा एकाच गतीची असे. पाय थकले कीं माणूस थकला, आणि माणूस थकला कीं सायकल विकावयाची, असाच क्रम ठरून गेला होता. आतां विजेचें साहाय्य घेणाऱ्या सायकली निघाल्या आहेत, आणि त्यांवर बसणाऱ्या वयस्कांना पाहून 'ही कसली सायकल!' असें म्हणणारेहि निघाले आहेत. १९०२ मधील तो शेरा अजून मेलेला नाहीं. त्यानें कपडे बदलले आहेत. यंत्राच्या गुणदोषांची चर्चा खुशाल व्हावी. पण ज्या सोयीनें एखादा वृद्ध चार माणसांत परत येतो, तिला नांवें ठेवतांना हा इतिहास आठवावा.

आमच्या शेजारच्या शिक्षकांची सायकल पुढें भंगारांत गेली. दांत्यांचें गणित त्यांना कोणी सांगितलें असतें तर तें त्यांना चुटकीसरशीं उमगलें असतें. ते गणितच शिकवीत असत. मागें एक मोठें चक्र, पुढें एक लहान चक्र, आणि वेळेचा थोडा हिशेब, एवढ्यानें तो चढ त्यांच्या आटोक्यांत आला असता. परंतु तेवढ्यानें ते रविवारीं सकाळीं पुन्हां बाहेर पडले असते कीं नाहीं, याची मला शंका आहे. त्यासाठीं आणखी एक गोष्ट हवी होती, आणि ती कोणत्याहि कारखान्यांत होत नाहीं. माथ्यावर पोंचलेल्या मंडळींनीं, ते येईपर्यंत, चहा घ्यावयाचा थांबावयास हवें होतें.