मुंबईची ट्रामगाडी

मुंबई ही इलाख्याची राजधानी असताना ९ मे १८७४ रोजी तेथे घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक गाडी कुलाब्याहून, दुसरी बोरीबंदराहून काळबादेवीमार्गे पायधुणीस जाई. आरंभी भाडे तीन आणे होते. पुढे ते दोन आण्यांवर आले, आणि बग्गीचे स्वप्नही न पाहणारा कारकून गाडीत बसू लागला. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, घोडे सुटले. १९२० साली दुमजली ट्राम निघाली.

पंक्तिभेद पाळणाऱ्या समाजात अनोळखी माणसांना एका बाकावर बसविणे, हे या गाडीचे मोठे कार्य होय. सुधारकांच्या व्याख्यानांइतकेच तेही मोलाचे मानले पाहिजे.

परंतु रुळांना बांधलेल्या गाडीला बाजूस सरता येत नाही, आणि मोटारींना तर वाट हवी होती. ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदराहून दादरला गेली. मात्र रस्ता आधी कोणाचा, एकट्या मोटारवाल्याचा की थोडक्या पैशांत जाणाऱ्या पुष्कळांचा, हा प्रश्न तिच्याबरोबर गेला नाही. तो आपणां नगरवासीयांनाच सोडवावयाचा आहे.