दारूबंदीच्या जिल्ह्यातली थंडगार सिगारेट

मंडळी, आपला वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा. कारण गांधीजी, १९३६ ला ते सेवाग्रामला राहायला आले. लहानपणी काकांनी फेकलेली सिगारेटची थोटकं ओढल्याचं त्यांनी आत्मकथेत लिहिलंय. पुढं तंबाखूच्या पक्के विरोधात गेले. पण जिल्ह्यात बंदी झाली ती दारूचीच. (तीही किती पाळली जाते, ते तुम्ही जाणताच.)

तंबाखूच्या कायद्याला २००३ उजाडलं. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत विक्री नको, अठराच्या आतल्याला देऊ नका. मग जुलै २०१२ मध्ये राज्यानं गुटखा बंद केला, नंतर सुगंधित तंबाखू अन् खर्राही. खर्रा आजही पन्नीत घोटून मिळतोच. कुठं, ते पोरांना विचारा.

पण गंमत बघा. हा वार झाला अन्नसुरक्षा कायद्यातून: खाण्याच्या पदार्थात तंबाखू, निकोटिन नको. सिगारेट काही खायची वस्तू नाही, म्हणून पुदिन्यासारखी गार लागणारी मेंथॉल सिगारेट सुटली. मेंथॉलनं घसा गार पडतो, ठसका दबतो, नवख्याला पहिला झुरका सोपा जातो. युरोपियन युनियननं मे २०२० पासून ती बंद केली. आपण २०१९ ला ई-सिगारेट बंद केली, ही मात्र चालू. कॉलेजची पोरं सांगतात, "दादा, ही हलकी असते." हलकी कशाची? निकोटिन तेच.

सप्टेंबर २०२० मध्ये राज्यानं सुट्या सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली. माझ्या ओळखीतला एकही पोरगा अख्खं पाकीट घेत नाही.