शिफारस आणि गुणपत्रिका

"आमचा खेळाडू आहे, जरा पाहा," अशी गळ क्रीडाशिक्षक घालतात, तेव्हा हिंगोलीसारख्या ठिकाणचा प्राध्यापक पेचात पडतो. असे प्रकरण किती वर जाऊ शकते, हे मराठवाड्याने १९८६ मध्ये पाहिले. मुंबई विद्यापीठाच्या एम.डी. परीक्षेतील गुणांच्या फेरफाराचा वाद उच्च न्यायालयात गेला. परीक्षार्थींत मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांची कन्या होती. न्यायालयाने ताशेरे ओढले. निलंगेकरांना पद सोडावे लागले. थेट सूचनेचा पुरावा अपिलात टिकला नाही. ताशेरे मात्र सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिले. यातून उरणारा बोध अध्यापकांसाठी अधिक बोचरा आहे. परीक्षक ढळायला आदेश लागतोच असे नाही. कधी नुसते नाव ठाऊक असणेही पुरते. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक असतो, तो म्हणूनच.